बिल एव्हान्स ऐकायचा, पण सुरुवात कुठून? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या पियानोवरच्या लेखात अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स (1929–1980) याच्याबद्दल जेमतेम एक परिच्छेद होता. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेकांची अडचण सारखीच आहे: ऐकायची इच्छा आहे, पण ॲपवर नाव टाकले की अल्बमचा ढीग समोर येतो आणि त्यातला कुठला उचलावा ते कळत नाही. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : ‘बेस्ट ऑफ’, ‘एसेन्शियल’, ‘फोर क्लासिक अल्बम्स’ अशा नावांचे बरेच संकलित संच दिसतात. असा एखादा ऐकून वादकाचा अंदाज येतो का, की मूळ अल्बमच ऐकावेत? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

अंदाज येतो, पण अर्धवट. कुठला अर्धा भाग हाती लागणार, ते संच कोणी काढला यावर ठरते. एव्हान्सने आयुष्यात अनेकदा कंपनी बदलली. 1956 ते 1963 रिव्हरसाइड, तिथून साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत व्हर्व्ह, 1971-72 मध्ये थोडा काळ कोलंबिया, 1973 पासून फँटसी आणि शेवटची वर्षे वॉर्नर. या ध्वनिमुद्रणांचे हक्क आजही वेगवेगळ्या मालकांकडे आहेत. व्हर्व्हच्या ‘बेस्ट ऑफ’मध्ये रिव्हरसाइडचे काही मिळणार नाही आणि वॉर्नरचेही नाही. म्हणून संचाच्या मुखपृष्ठावर काय लिहिले आहे ते सोडा, आधी खालच्या बारीक अक्षरातले कंपनीचे नाव वाचा. तेवढ्यावरून संच कुठल्या वर्षांचा आहे ते जवळजवळ कळते.

‘चार क्लासिक अल्बम’ छापाच्या स्वस्त संचांची गोष्ट वेगळी. युरोपात 1962 अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपले. पुढे तिथला कायदा बदलून मुदत 50 वर्षांवरून 70 वर्षे झाली, पण जे आधीच मोकळे झाले होते ते मोकळेच राहिले. म्हणून हे संच 1956 ते 1962 मध्येच घुटमळतात. त्यात संगीत अस्सल असते, पण अनेकदा मूळ टेप हाती नसताना जुन्या रेकॉर्डवरून किंवा सीडीवरून उतरवलेले असते. खरखर काढताना झांजेची किणकिण आणि पियानोच्या सुराचे शेपूट दोन्ही कापले जाते. एकच तुकडा अशा संचातून आणि मूळ अल्बमच्या अधिकृत आवृत्तीतून लागोपाठ ऐकून पाहा. सूर विरत जातानाची शेवटची दोन सेकंदे कान देऊन ऐकली की फरक कळतो.

संचाचा खरा उपयोग एकच आहे, आणि तो मोठा आहे. आठ-पंधरा दिवस एकच संच ऐका. ज्या चार-पाच तुकड्यांकडे हात आपोआप परत जातो ते टिपून ठेवा. मग प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: ध्वनिमुद्रणाची तारीख, बासवादक (बास म्हणजे उभे धरून वाजवायचे खर्जातले मोठे तंतुवाद्य) आणि ड्रमवादक. एव्हान्स बहुतेक वेळा तिघांच्या चमूत, म्हणजे ट्रिओत वाजवायचा आणि बासवादक बदलला की त्याचे वाजवणेही बदलायचे. तुमचे आवडते तुकडे एकाच बासवादकाबरोबरचे निघाले, तर पुढे कुठला अल्बम घ्यायचा हे कोणाला विचारायची गरज उरत नाही.

वर्ष लिहिताना जपा. ॲपवर दिसणारे वर्ष पुष्कळदा पुनःप्रकाशनाचे असते. ‘यू मस्ट बिलीव्ह इन स्प्रिंग’ 1977 च्या ऑगस्टमध्ये मुद्रित झाला आणि बाजारात आला 1981 मध्ये, एव्हान्सच्या मृत्यूनंतर. 1968 च्या जूनमध्ये जर्मनीत मुद्रित झालेला ‘सम अदर टाइम’ तर 2016 मध्ये बाहेर आला.

प्रश्न : याच नावाखाली मध्येच सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटारचे जोरकस संगीत लागते. हा एव्हान्सचाच वेगळा काळ आहे का? (वाचक, तासगाव)

नाही, तो माणूसच वेगळा. बिल एव्हान्स नावाचा एक सॅक्सोफोनवादकही आहे, जन्म 1958. घोळ वाढतो तो यामुळे, की दोघेही ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवून गेले आहेत: पियानोवादक 1958-59 मध्ये, सॅक्सोफोनवादक 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्यातच माइल्सचा जवळचा संगीत-संयोजक होता गिल एव्हान्स. ॲपची यंत्रणा नाव पाहते, माणूस पाहत नाही. ‘बिल एव्हान्स ट्रिओ’ असे शोधा, बराचसा गोंधळ तिथेच संपतो.

प्रश्न : माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’बरोबर घरच्या हार्मोनियमवर सूर धरून बसतो. सीडीबरोबर जमते, पण एका स्नेह्यांकडच्या जुन्या रेकॉर्डवर पहिल्या बाजूचे सूर हार्मोनियमशी जुळेनात. दुसऱ्या बाजूचे जुळले. दोष हार्मोनियमचा की रेकॉर्ड प्लेअरचा? (वाचक, मिरज)

दोन्हींचा नाही. तुमचा कान बरोबर आहे. हा अल्बम 1959 मध्ये दोन दिवसांत मुद्रित झाला, 2 मार्च आणि 22 एप्रिल. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रणाचे यंत्र किंचित हळू फिरत होते. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेला आवाज बरोबर वेगाने वाजवला, की सूर चढतो आणि लयही थोडी वाढते. त्या दिवशीचे तीन तुकडे, ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, पहिल्या बाजूवर आले आणि काही दशके चढ्या सुरातच विकले गेले. फरक अर्ध्या स्वराहून कमी आहे, त्यामुळे नुसते ऐकताना तो निसटतो. हार्मोनियम हातात असली की मात्र टोचतो. त्याच दिवशी जोडीने चाललेल्या दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून 1990 च्या दशकातल्या आवृत्त्यांत ही चूक सुधारली. 1997 ची सीडी आणि तिच्यावरून निघालेल्या आवृत्त्या बरोबर सुरात आहेत.

‘सो व्हॉट’ हार्मोनियमवर धरायचा तर पांढरी दोनला सा घ्या आणि काफी थाटाचे सूर लावा. सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच येतात. 16 बार, म्हणजे चार-चारच्या हिशेबाने 64 मात्रा, तिथेच राहायचे. मग 8 बार सगळा थाट तसाच उचलून काळी दोनवर न्यायचा आणि शेवटचे 8 बार परत पांढरी दोनवर यायचे. हे 32 बारांचे आवर्तन शेवटपर्यंत फिरत राहते. सुरुवातीचा बेताल वाटणारा भाग सोडून द्या, बास धून उचलतो तिथून मोजा. चुकायची जागा एकच: काळी दोनवरून परतल्यावर लगेच पुढचे आवर्तन त्याच पांढरी दोनवर सुरू होते, म्हणजे तिथे सलग 24 बार काढायचे असतात. नवखा माणूस 16 बारांनीच वर चढतो आणि मग सगळेच घसरते.

या अल्बमच्या पाचांपैकी चार तुकड्यांत एव्हान्स आहे. ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये पियानोवर विंटन केली आहे. शेवटचा ‘फ्लेमेंको स्केचेस’ ऐकून झाला की एव्हान्सच्या ‘एव्हरीबडी डिग्ज बिल एव्हान्स’ (1958) मधला ‘पीस पीस’ लावा. डाव्या हातात तीच दोन कॉर्डची (एकदम वाजवलेल्या स्वरसमूहांची) डोलती जोडी सापडेल. ‘पीस पीस’मध्ये ती पावणेसात मिनिटे थांबत नाही, उजवा हात मात्र हळूहळू तिच्यापासून दूर जात बेसूर वाटेल अशा जागांपर्यंत पोचतो आणि परत येतो. तानपुरा लावून बसणाऱ्याला हा तुकडा समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : लाइव्ह अल्बमपैकी नेमका कुठला आधी घ्यावा? ‘व्हिलेज व्हॅन्गार्ड’ नावाचेच चार-पाच दिसतात. (वाचक, कराड)

1961 चा. यात मतभेदाला फारशी जागा नाही.

व्हिलेज व्हॅन्गार्ड हा न्यू यॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरचा तळघरातला त्रिकोणी क्लब. जेमतेम सव्वाशे माणसे मावतात. रविवार, 25 जून 1961 रोजी एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशन यांनी तिथे दुपारी दोन आणि रात्री तीन अशी पाच सत्रे वाजवली आणि निर्माता ऑरिन कीपन्यूजने ती सगळी मुद्रित करून घेतली. त्यानंतर अकराव्या दिवशी, 6 जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय 25. एव्हान्सने कित्येक महिने जाहीर वादन बंद ठेवले.

म्हणून पहिला अल्बम ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅन्गार्ड’ निवडताना लाफारोचा बास ज्यात पुढे आहे असेच तुकडे घेतले. पहिला ‘ग्लोरियाज स्टेप’ आणि शेवटचा ‘जेड व्हिजन्स’ या दोन्ही रचनाही त्याच्याच. उरलेल्यांतून 1962 मध्ये ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ निघाला. एकाच दिवसाचे हे दोन अल्बम, पण स्वभाव वेगळे. नवख्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी, कारण त्यात ‘माय फूलिश हार्ट’ पहिला आहे. तो एकदा फक्त बासकडे लक्ष देऊन ऐका. सूर थोडे आहेत आणि प्रत्येकाला पुरेशी जागा दिलेली आहे. मग ‘ग्लोरियाज स्टेप’ लावा. तोच माणूस तिथे पियानोच्या बरोबरीने, कधी त्याच्याही वरच्या पट्टीत बोलत असतो. त्या रचनेचे आवर्तन 20 बारांचे आहे, पाच-पाचचे दोन भाग आणि मग दहा. नेहमीच्या आठ-आठच्या सवयीने मोजाल तर सम हुकेल.

2005 मध्ये पाचही सत्रे मूळ क्रमाने तीन सीडींच्या संचात आली. पहिल्याच तुकड्यात वीज जाऊन मुद्रण मध्येच तुटले होते, तेही त्यात तसेच ठेवले आहे. तुमच्या ॲपवर ही ‘कम्प्लीट’ आवृत्ती असेल तर ती दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. ‘ऑल ऑफ यू’ त्यात तीनदा येतो आणि ‘माय रोमान्स’, ‘ॲलिस इन वंडरलँड’, ‘डीटूर अहेड’, ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ प्रत्येकी दोनदा. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला ही पुनरुक्ती वाटते. दोन मूळ अल्बम अंगवळणी पडल्यावर मात्र तीच पुनरुक्ती सर्वांत जास्त शिकवते. एकच बंदीश एका गवयाच्या दुपारच्या आणि रात्रीच्या बैठकीत ऐकावी, तसे ते आहे.

मूळ अल्बमच्या सीडीवर जोडलेले पर्यायी ‘टेक’, म्हणजे त्याच तुकड्याची वेगळी मुद्रणे, बहुतेक वेळा शेवटी असतात, पण काही आवृत्त्यांत मूळ तुकड्याला लागूनच येतात. मग ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ संपतो न संपतो तोच पुन्हा सुरू होतो आणि अल्बमचा डौल बिघडतो. मूळ सहा तुकड्यांची प्लेलिस्ट स्वतः करून घ्या: ‘माय फूलिश हार्ट’, ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’, ‘डीटूर अहेड’, ‘माय रोमान्स’, ‘सम अदर टाइम’, ‘माइलस्टोन्स’.

मागे ग्लास किणकिणतात, माणसे बोलतात, कोणी हसते. ती मुद्रणातली खोट समजू नका.

प्रश्न : 1961 नंतरचे लाइव्ह अल्बम पुष्कळ आहेत, आठ-आठ सीडींचे संचही. सगळे ऐकण्यात अर्थ आहे का? (वाचक, सातारा)

सगळे ओळीने ऐकण्यात नाही. एक रचना धरा आणि तिचाच माग काढा. त्यासाठी ‘नार्डिस’सारखी दुसरी रचना नाही, कारण एव्हान्सने ती शेवटपर्यंत सोडली नाही. बत्तीस बारांची ही रचना ई मायनरवरून लगेच एफ मेजरवर सरकते, पांढरी तीनवरून शेजारच्या पांढरी चारवर. कोमल रिषभाची ती ओढ एकदा कानात बसली की पुढच्या कुठल्याही मुद्रणात ओळखू येते.

फेब्रुवारी 1961 च्या ‘एक्सप्लोरेशन्स’मध्ये लाफारो-मोशनसह ती सहा मिनिटांच्या आत संपते. सगळे आटोपशीर, बासला भरपूर जागा. जून 1968 च्या स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो महोत्सवात बासवर एडी गोमेझ आणि ड्रमवर जॅक डीजॉनेट आहे. तिथे ड्रम ढकलत नेतो आणि एव्हान्सलाही धावावे लागते. डीजॉनेट या चमूत काही महिनेच होता. माँट्रोचा हा अल्बम अनेक दशके त्याचा एकटाच पुरावा होता, 2016 पासून मात्र जर्मनी, नेदरलँड्समधले हिल्व्हरसम आणि लंडन इथली त्याच वर्षाची मुद्रणे निघाली आहेत. शेवटी 26 नोव्हेंबर 1979 ची पॅरिसची मैफल, मार्क जॉन्सन आणि जो लाबार्बेरासह, ‘द पॅरिस कॉन्सर्ट’च्या दुसऱ्या भागात. इथे ‘नार्डिस’ पंधरा मिनिटांच्याही पुढे जाते. सुरुवातीला एव्हान्स एकटाच बराच वेळ वाजवतो, धून लपवून ठेवतो आणि मग तिघे एकदम तिच्यावर येतात. या तीन मुद्रणांना मिळून अर्धा तास लागतो. अठरा वर्षांत माणूस कुठून कुठे गेला, ते त्या अर्ध्या तासात ऐकू येते.

‘नार्डिस’ जड वाटली तर ‘माय रोमान्स’ घ्या: 1956 च्या ‘न्यू जॅझ कन्सेप्शन्स’मध्ये एकट्याने वाजवलेली, 1961 ची व्हॅन्गार्डमधली आणि पॅरिसच्या पहिल्या भागातली.

आता मोठे संच. जून 1980 च्या व्हॅन्गार्डवरचा ‘टर्न आउट द स्टार्स’ सहा सीडींचा आहे. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबर 1980 मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कीस्टोन कॉर्नर क्लबमधल्या रात्रींचे ‘द लास्ट वॉल्ट्झ’ आणि ‘कॉन्सिक्रेशन’ हे आठ-आठ सीडींचे संच आहेत. 8 सप्टेंबरला तिथला मुक्काम संपला आणि 15 सप्टेंबरला एव्हान्स गेला. या मुद्रणांत लय खूप चढलेली आहे, हात घाईत आहेत आणि वादन ऐकवत नाही इतके उत्कट होते. पॅरिस मनापासून आवडले तरच इकडे वळा, आणि एका बैठकीत एका सीडीपेक्षा जास्त नको. ‘द सीक्रेट सेशन्स’ हा आठ सीडींचा संच मात्र सुरुवातीला नकोच. 1966 ते 1975 या काळात एका चाहत्याने व्हॅन्गार्डमध्ये प्रेक्षकांत बसून गुपचूप केलेली ही मुद्रणे आहेत. आवाज सगळीकडे सारखा नाही. एव्हान्स रोजच्या रात्री काय करायचा हे ज्याला शोधायचे आहे, त्याच्यासाठी तो अमोल आहे.

प्रश्न : वाचनालयाच्या सभागृहात वीस-पंचवीस जणांना दीड तास एव्हान्स ऐकवायचा आहे. आमच्याकडे एक ब्लूटूथ स्पीकर आणि मोबाइल आहे. काय काय वाजवावे? (वाचक, सांगली)

आधी स्पीकर. एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तर डावी-उजवी बाजू एकात मिसळतात आणि ट्रिओतले तिघे एकमेकांवर चढतात. दोन साधे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर मिळवा आणि मोबाइल 3.5 मिमीच्या ऑक्स केबलने जोडा. मोबाइलला तसे भोक नसेल तर टाइप-सीचा जोड लागतो, तो आदल्या दिवशीच लावून पाहा. स्पीकर एकमेकांपासून अडीच-तीन मीटरवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. कोपऱ्यात ठेवले की बास घुमतो आणि लाफारोची बोटे ऐकू येत नाहीत. मोठ्या बासची सर्वांत खालची तार 41 हर्ट्‌झवर वाजते. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरला तो सूर पेलतच नाही, म्हणून मोबाइलवर ऐकून आवाजाचा अंदाज बांधू नका.

ॲपमधले क्रॉसफेड (एक तुकडा संपताना दुसरा त्यात मिसळणे) शून्यावर आणा, शफल बंद करा, दोन तुकड्यांमधली रिकामी जागा काढणारी सोय चालू ठेवा आणि आवाज एकसारखा करणारे नॉर्मलायझेशन बंद करा. नाहीतर ‘पीस पीस’ आणि ‘नार्डिस’ एकाच उंचीचे वाटतील. तुकडे आधीच उतरवून ठेवा. 320 केबीपीएसला तासाभराचे साधारण 145 एमबी होतात. मोबाइल विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. पंखे शक्य तेवढे मंद ठेवा. ड्रमवर हळू वाजणाऱ्या ब्रशचा आवाज आणि पंख्याचा आवाज एकमेकांत सहज मिसळतात.

क्रम असा लावता येईल. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ 1956 चा, एकट्याने वाजवलेला, दीड मिनिटाहूनही लहान. लगेच त्याचाच 1961 चा व्हॅन्गार्डमधला, सात मिनिटांचा. तीनच्या चालीत सुरू होऊन तो चारवर जातो. ही बदलाची जागा आधी सांगून ठेवा आणि श्रोत्यांना हाताने मात्रा मोजू द्या. मग ‘सो व्हॉट’ (नऊ मिनिटांच्या वर) आणि ‘पीस पीस’. दहा मिनिटे चहा. नंतर ‘ऑटम लीव्हज’, ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ (1959) मधला, कारण त्यात पियानो आणि बास एकमेकांना वाक्य तोडून उत्तर देतात आणि हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दिसते. त्या अल्बमच्या सीडीवर या तुकड्याचे दोन टेक आहेत, त्यातला एक मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी नसलेला आहे. तुम्ही स्टिरिओ घ्या. शेवटी ‘नार्डिस’ 1961 आणि लगेच पॅरिसची. सगळे मिळून पंचावन्न मिनिटांच्या आसपास संगीत होते. उरलेला वेळ प्रत्येक तुकड्याआधी दोन मिनिटे बोलायला आणि गप्पांना ठेवा. तुकडा वाजत असताना मध्ये बोलू नका. पॅरिसच्या ‘नार्डिस’च्या एकट्या पियानोच्या भागात लोक चुळबुळ करू लागतात, म्हणून धून बरीच उशिरा येणार आहे हे आधीच सांगा आणि ती येते तो क्षण ओळखायला सांगा.